टेकडीवर खताचा थर नको
मुंबईतल्या टेकडीवरच्या बागेत रानफुले यावीत म्हणून लाल माती आणि शेणखत पसरावे, अशी एक सूचना आहे; ती मला उलट परिणाम करणारी वाटते. इंग्लंडमधील चुनखडीच्या कुरणांत फुलांची विविधता टिकते ती माती पातळ आणि निकस असल्यामुळेच. खत पडले की दांडगे गवत माजते आणि नाजूक रोपे त्याखाली दबून जातात. म्हणून तिथे कापलेले गवत जागेवर कुजू न देता उचलून नेतात आणि गवताच्या मुळांतून रस शोषणाऱ्या ‘यलो रॅटल’ या रानफुलाचे बी मुद्दाम पेरतात. मुंबईचा खडक बहुतांशी बेसाल्ट, चुनखडी नव्हे. तरी सह्याद्रीतली दुधाळी ही रानफुलाची वनस्पतीही गवताच्या मुळांवर तशीच जगते (कुंडीत एकटी लावू पाहणाऱ्यांनी नोंद घ्यावी). तेव्हा बी झडल्यावर, दिवाळीनंतर, कापणी करून गवत गोठ्याला द्यावे आणि मोकळ्या कातळावर वृक्षारोपणाचे खड्डे खणणे कृपया थांबवावे.