मदत हवी आहे: सरावाच्या सॉफ्टवेअरमधला नफा किती खरा धरायचा?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला म्हसरूळमध्ये राहते. सासरची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. यंदा देणी भागवून थोडे पैसे उरले, तेव्हा सासरे म्हणाले, "यातले काही शेअरमध्ये घाल, पण आधी नीट शिकून घे." म्हणून पाच महिने सरावाच्या सॉफ्टवेअरवर पाच लाखांचा लुटुपुटूचा पोर्टफोलिओ चालवतेय. नफा चांगला दिसतो, पण तो खरा मानायला मन धजत नाही.

कारण सांगते. एका छोट्या कंपनीचा शेअर लोअर सर्किटला (म्हणजे दिवसात भाव जास्तीत जास्त जितका पडू शकतो त्या मर्यादेला) लागला होता. मी विकायची ऑर्डर टाकली आणि ती क्षणात पूर्ण झाली! खऱ्या बाजारात अशा वेळी घेणाराच नसतो, ऑर्डर रांगेत पडून राहते. म्हणजे जो तोटा सोसायला शिकायचा, तोच सरावात वाट्याला आला नाही. पुढे एका कंपनीने १:१ बोनस (म्हणजे एका शेअरमागे एक फुकट शेअर) दिला. भाव निम्मा झाला, पण खात्यातले शेअर दुप्पट झालेच नाहीत. ते हाताने दुरुस्त करावं लागलं.

खर्चही धरलेला नव्हता. डिलिव्हरीत (शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात घेतले तर) घेताना आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), घेताना ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क, विकताना डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढायचं शुल्क), वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर. हे सगळं गूगल शीटमध्ये मांडलं तेव्हा नफा बराच उतरला. परतावा एक्सआयआरआरने (पैसे कधी घातले-काढले ते धरून वार्षिक दर काढणारं शीटमधलं सूत्र) काढते. पण पाच महिन्यांची कमाई तो वर्षाच्या दराने दाखवतो, म्हणून आकडा फुगतो, असं माझं मत झालंय. बरोबर आहे ना?

आता मुख्य अडचण. नोकरदार माणूस दरमहा एसआयपी करतो. आमचे पैसे मात्र फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदम येतात. त्यातूनच एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधं, मजुरी भागवायची. छाटणीचे पैसे शेअरमध्ये घालायचे नाहीत हे पक्कं. उरलेले एकदम गुंतवायचे की लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे लवकर काढता येणारा म्युच्युअल फंड) ठेवून हप्त्याहप्त्याने वळवायचे, याचा सराव मला करायचाय. फेब्रुवारी २०२० मध्ये निफ्टी बारा हजारांच्या आसपास होता आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. आमच्या हंगामात, नेमके हातात पैसे असतानाच! तेव्हा मी काय केलं असतं, हे जुने भाव दिवसागणिक पुढे सरकवत आजमावता येईल असं सॉफ्टवेअर कुणी वापरलंय का? बोनस आणि खर्च त्यात आपोआप धरले जातात का?

आणखी एक. माझं, यजमानांचं आणि सासऱ्यांचं मिळून एकच चित्र हवंय. एकत्रित खाते विवरण (शेअर आणि फंडांची एकत्र यादी) पॅननुसार येतं, म्हणजे तिघांची तीन. तुम्ही घरातल्या सगळ्यांची गुंतवणूक एका शीटमध्ये कशी मांडता? प्रत्येकाचा कर वेगळा मोजायचा असल्यामुळे नुसती बेरीज करून चालत नाही, तिथेच गाडी अडलीय.

सासऱ्यांचं डीमॅट पुढच्या आठवड्यात उघडायचंय. त्याआधी कुणी स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं तर फार बरं होईल.