थकलेल्या भाड्याचा भार कोणी उचलायचा होता?

कुर्लेकर

"कोविडमधले थकलेले घरभाडे सरकारने अनुदान देऊन फेडायला हवे होते, ही मागणी म्हणजे फुकटेपणाला राजमान्यता आहे, ज्यांनी पोटाला चिमटा काढून भाडे भरले ते काय मूर्ख होते?" असे बोरिवलीकरांनी काल येथे लिहिले. ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

असे अनुदान भाडेकरूच्या खिशात राहत नाही, ते घरमालकाच्या थकबाकीत जमा होते. अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये यासाठी २५ अब्ज डॉलर मंजूर केले आणि मार्च २०२१ मध्ये आणखी सुमारे साडेएकवीस अब्ज. आपल्याकडे मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये असा आदेश काढला, आणि राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला घरमालकांना सांगितले की किमान तीन महिने वसुली पुढे ढकला आणि भाडे थकले म्हणून कोणाला बाहेर काढू नका. पुढे ढकललेले भाडे माफ होत नाही, ते साचत जाते. लोकल बंद, कारखाने बंद, हातात काम नाही, अशा माणसाने चौथ्या महिन्यात चार महिन्यांचे भाडे एकदम आणायचे कुठून? आमच्या गल्लीतले बॅगा शिवणारे कारागीर अखेर रात्री सामान बांधून गावी निघून गेले. त्यांची खोली गेली आणि मालकाचे पैसेही बुडाले. यात फुकट कोणाला काय मिळाले, ते बोरिवलीकरांनी सांगावे.

बोरिवलीकर

सांगतो. माझा पगार निम्म्यावर आला तेव्हा पत्नीच्या पाटल्या गहाण टाकून मी भाडे भरले, कारण करारावर माझी सही होती. आमच्याच इमारतीत संगणक कंपनीतले एक गृहस्थ घरी बसून पूर्ण पगार घेत होते आणि तरीही त्यांनी तोच सरकारी आदेश मालकाला दाखवून भाडे थांबवले. आपल्या अनुदानासाठी पहिला अर्ज त्यांचाच आला असता, आणि त्यांचे भाडे माझ्या करातून गेले असते. कारागिरांविषयी मला कळवळा आहे, पण धोरण कळवळ्यावर ठरत नाही.

मुलुंडची निवृत्त शिक्षिका

मी विनाअनुदानित शाळेत आयुष्य काढले, त्यामुळे मला निवृत्तिवेतन नाही. भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेल्या दुसऱ्या लहान घराचे भाडे हेच माझे निवृत्तिवेतन. टाळेबंदीत भाडेकरूंनी तो आदेश मोबाइलवर पाठवला आणि फोन उचलणे बंद केले. अनामत रक्कम भाड्यात वळती होऊन संपली, तरी सोसायटीचा देखभाल खर्च मलाच भरावा लागला. "घरमालक" म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बंगलेवाला सावकार येतो, याचा मला मनस्वी संताप आहे. दया दाखवण्याचा हुकूम सरकारने काढला आणि तिचा खर्च माझ्या माथी मारला. कुर्लेकर, मला आपला भाडेकरूंविषयीचा उमाळा पटत नाही, पण अनुदानाचा हिशेब पटतो.

गिरगावचा घरमालक

बाई, आपल्यावर ही वेळ काही महिने आली, आमच्या घराण्यावर १९४७ पासून आहे. मुंबई भाडे कायद्याने आमच्या चाळीची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मुळातले भाडेच इतके क्षुल्लक की चार टक्क्यांनी त्यात चहासुद्धा येत नाही. गरिबांना स्वस्त घर द्यायचे असेल तर ते सरकारने तिजोरीतून द्यावे, ते आमच्या वडिलोपार्जित मिळकतीतून का? थकलेल्या भाड्याच्या अनुदानाआधी या ऐंशी वर्षांच्या सक्तीच्या दानाची भरपाई द्या.

लालबागचा भाडेकरू

दान? माझ्या आजोबांनी गिरणीची पुंजी मोडून पागडी, म्हणजे खोलीचा ताबा घेताना मालकाला द्यायची एकरकमी रक्कम, मोजली, ती त्या काळी घराच्या किमतीइतकीच होती. आजही खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालक आपला हिस्सा आधी मागतो. जिना आम्ही वर्गणी काढून बांधला, छत आम्ही शाकारले, आणि दुरुस्ती मंडळाचा उपकरही आमच्याकडूनच वसूल होतो. टाळेबंदीत आमच्या चाळीतल्या एकानेही भाडे थकवले नाही. मालकाने पावती द्यायचे टाळले, तेव्हा आम्ही मनीऑर्डर केली.

गिरगावचा घरमालक

पागडी माझ्या आजोबांनी घेतली असेल, पण चाळीच्या भिंती आज माझ्या नावावर कोसळत आहेत आणि पालिकेची नोटीस मला येते. पावती टाळणाऱ्या मालकांचे समर्थन मी करत नाही. मात्र शेकड्यांत भाडे देऊन कोट्यवधींच्या जागेवर हक्क सांगणाऱ्यांनी न्यायाच्या गोष्टी करू नयेत.

लालबागचा भाडेकरू

ती जागा कोट्यवधींची झाली ती गिरणगावाच्या घामाने, आपल्या भिंतींमुळे नव्हे. शब्द जपून वापरा.

कुर्लेकर

पागडीचे भांडण मोठे आहे, पण त्यातली एक गोष्ट येथे लागू पडते. पागडीच्या भाडेकरूवर थकबाकीचा दावा झाला तर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत पंधरा टक्के व्याजासह रक्कम भरून तो घर वाचवू शकतो. 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारावर, अकरा महिने राहणाऱ्याला हे संरक्षण नाही. कोविडची कुऱ्हाड त्याच्यावरच पडली आणि गिरगावच्या मालकांना त्याच्याशी काही देणेघेणे नाही. मात्र सरकारने आपली जबाबदारी खाजगी मालकावर ढकलली, हे त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते.

बोरिवलीकरांच्या संगणकवाल्या शेजाऱ्याविषयी: अमेरिकेत त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळकत असणाऱ्या आणि महामारीची झळ बसलेल्या कुटुंबांनाच मदत होती. पूर्ण पगारवाला तेथेच गळाला असता.

बोरिवलीकर

आणि तेथे जुलै २०२१ अखेरपर्यंत ४६ अब्जांपैकी जेमतेम ५ अब्ज लोकांपर्यंत पोहोचले होते, हेही लिहा. आपल्याकडे कुर्ल्याच्या खोलीचे भाडे रोखीने जाते, नोंदणीकृत करार नसतो, मालक ते उत्पन्न दाखवत नाही. आपले अनुदान कोणत्या कागदावर देणार होतात? दिल्लीचे उदाहरण समोर आहे. मुख्यमंत्र्यांनी मार्च २०२० मध्ये पत्रकार परिषदेत सांगितले की गरिबांचे भाडे सरकार भरेल. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ते आश्वासन अंमलात आणण्याजोगे मानले, तेव्हा सरकार अपिलात गेले आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने स्थगिती दिली. त्यापेक्षा बिनव्याजी कर्ज द्यायला हवे होते.

कुर्लेकर

कर्जाचा प्रयोग वेल्सने केला. भाडेकरूंसाठी काढलेली कर्जयोजना २०२१ मध्ये बंद करून तेथे अनुदान सुरू करावे लागले. आधीच थकलेल्या माणसाला आणखी एक हप्ता लावून त्याचे घर वाचत नाही.

कागदाची अडचण खरी आहे, पण ती अभेद्य नाही. आपल्याच राज्याने एप्रिल २०२१ मध्ये परवानाधारक रिक्षाचालकांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले, म्हणजे कोणाची रोजी बुडाली याच्या याद्या हाताशी होत्या. त्याच याद्यांवरून भाड्याची मदत सुरू करता आली असती. दीड हजारात कुर्ल्यात खोलीचे निम्मे भाडेही भागत नाही.

मुलुंडची निवृत्त शिक्षिका

रोख भाडे घेऊन करार न करणाऱ्या मालकांना मात्र एक रुपयाही मिळू नये. मी दर वेळी मुद्रांक शुल्क भरून करार नोंदवते, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देते. माझ्यासारखीचे पैसे आधी, बाकीच्यांचे नंतर.

कुर्लेकर

मग मालकाच्या लबाडीची शिक्षा भाडेकरूला होईल. करार करून द्या, असे म्हणण्याची ताकद त्या बॅगा शिवणाऱ्यांत नव्हती.

बोरिवलीकर

उत्पन्न बुडाल्याचा पुरावा आणि रक्कम थेट मालकाच्या बँक खात्यात, या दोन अटी असत्या तर मी विरोध केला नसता, एवढे लिहून देतो. पण पाटल्या सोडवताना सावकाराला जे व्याज मोजले, ते कोणत्या योजनेत बसवणार होतात? भाडे थकवणाऱ्याची नोंद होते, कर्ज काढून भरणाऱ्याची कोठेच होत नाही. याचे उत्तर कुर्लेकरांनी अद्याप दिलेले नाही.