सौदीनं सापळा लावला की मशीननं वाचवलं?

मधली_फळी (24 नोव्हेंबर 2022)

वर्ल्ड कपचे चार दिवस झाले, पण माझं मन अजून मंगळवारच्या मॅचमध्येच अडकलंय. कतारमधल्या लुसैल स्टेडियमवर सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 हरवलं आणि तेव्हापासून जो भेटतो तो एकच ऐकवतो: "ऑफसाइडच्या मशीननं तीन गोल खाल्ले, नाहीतर हाफटाइमलाच 4-0 होतं." हे मला अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुपारी साडेतीनची मॅच अर्ध्या दिवसाची रजा टाकून पाहिली. रात्री पहिला हाफ पुन्हा लावला आणि नजर फक्त सौदीच्या मागच्या चौघांवर ठेवली. एकदा असं बघाच. मेस्सी किंवा परेदेस मान वर करून पास द्यायला पाय मागे नेतो, त्याच क्षणी चौघंही पाऊलभर पुढे सरकतात. एखादा नाही, चौघंही. म्हणजे पास सुटताना अर्जेंटिनाचा फॉरवर्ड त्यांच्या पाठीमागे, गोलच्या बाजूला उरतो, आणि तेच ऑफसाइड. त्यांच्या पाठीमागे सगळं मैदान मोकळं. समोर 36 सामने न हरलेला संघ, दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी बसलेली, आणि तरी एकही जण घाबरून मागे जात नाही. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिना सात वेळा ऑफसाइड सापडली, पूर्ण मॅचमध्ये दहा वेळा. याला नशीब कसं म्हणायचं? हा सराव आहे. प्रशिक्षक एर्वे रेनार यांनी 2012 मध्ये झांबियाला आणि 2015 मध्ये आयव्हरी कोस्टला आफ्रिकेचा कप जिंकून दिला होता. त्या माणसाला असा संघ बांधता येतो.

आणि दुसरा गोल! 53वं मिनिट. सालेम अल-दवसारी डावीकडे बॉक्सच्या कोपऱ्यात, भोवती निळ्या-पांढऱ्या जर्सी. गर्रकन वळला, आत आला आणि उजव्या पायानं बॉल असा वळवून मारला की अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझचा हात लागूनही तो लांबच्या पोस्टच्या आत गेला. यात मशीन कुठे आलं?

माझं म्हणणं एवढंच की हा विजय सौदीनं कमावला. काल जपाननं जर्मनीला 2-1 हरवलं, तेही कमावलंच. मोठ्या देशांना आता फक्त नावावर मॅच मिळणार नाही.

पेठेतला_दहा_नंबर

भावा, आधीच सांगतो, मी अर्जेंटिनावाला. आमच्या कोल्हापुरात गल्लीच्या या टोकाला ब्राझील, त्या टोकाला अर्जेंटिना. मंगळवारी संध्याकाळी आमच्या टोकाला कोण कुणाशी बोलत नव्हतं.

सौदी जिगरीनं खेळली, त्याला कोण न्हाई म्हणत न्हाई. दवसारीचा गोल लईच भारी होता, तोंडावर सांगतो. पण 27व्या मिनिटाचा आमच्या फॉरवर्डचा, लौतारोचा गोल आठव. पास आला, हा पळाला, कीपर पुढं आला, बॉल त्याच्यावरनं अलगद उचलून टाकला. लाइनमननं झेंडा न्हाई केला. पोरं नाचाय लागली. मग स्क्रीनवर मशीननं काढलेले खेळाडूंचे दोन पुतळे दाखवले आणि खांद्याची एवढीशी कड पुढं म्हणून गोल गेला. टीशर्टच्या बाहीएवढं अंतर!

ऑफसाइडचा नियम कशासाठी आणला? फॉरवर्डनं गोलपाशी तळ ठोकून बसू नये म्हणून. लौतारो काय तळ ठोकून बसला होता व्हय? मी शाहू स्टेडियमला लहानपणापासनं मॅच बघतोय. तिथं असा बारीक निकाल असला की फायदा फॉरवर्डला, हे आमच्या ग्राउंडवर लहान पोरालासुद्धा कळतंय. गोल बघायलाच माणूस उन्हात बसतोय की. मशीन आलं आणि शंकेचा फायदा गेला.

शिट्टीवाला

मी जिल्हा पातळीवर बरीच वर्षं पंचगिरी केली आहे, म्हणून राहवत नाही.

एक दुरुस्ती. तीनपैकी मशीननं एकच गोल रद्द केला, तो 27व्या मिनिटाचा. मेस्सीचा 22व्या मिनिटाचा आणि लौतारोचा नंतरचा, दोन्ही वेळा साहाय्यक पंचानं स्वतः झेंडा वर केला होता. म्हणजे तीन गोल मशीननं खाल्ले, हे चुकीचं आहे.

ही यंत्रणा फुटबॉल वर्ल्ड कपला पहिल्यांदाच आली आहे. छताखाली 12 कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू, सेकंदाला 50 वेळा नोंद. बॉलच्या आत सेन्सर आहे, तो सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवतो, त्यामुळे पाय बॉलला नेमका कधी लागला ते कळतं. मी झेंडा घेऊन टचलाइनवर धावलो आहे. एकाच क्षणी पास देणाऱ्याचा पाय आणि तीस मीटर पलीकडच्या फॉरवर्डचा खांदा बघायचा, हे माणसाच्या डोळ्याला जमत नाही. मी चुकलो आहे. एकदा माझ्या चुकीनं एका संघाची फायनल गेली, तो गोलकीपर नंतर मला काही बोललासुद्धा नाही, नुसता बघत राहिला. ते मला आजही आठवतं. त्या दिवशी असं मशीन असतं तर मी आनंदानं मान्य केलं असतं.

रनआउटला बॅट रेषेवर असली, आत नसली, तर आउटच ना? तिथे कुणी "थोडक्यात गेलं" म्हणून परत बोलावत नाही.

पेठेतला_दहा_नंबर

सर, तुमचा मान राखून बोलतो. क्रीज चुन्यानं आखलेली असती, ती हलत न्हाई. ऑफसाइडची रेषा पळणाऱ्या माणसाच्या अंगावर असती. आणि क्रिकेटचंच घ्यायचं तर एलबीडब्ल्यूला अंपायर्स कॉल ठेवलाच की! बॉल स्टंपला जरासा घासत असंल तर मैदानातल्या पंचाचा निर्णय कायम. तसंच हितं ठेवा. लाइनमननं झेंडा न्हाई केला आणि फरक बोटभर असला, तर गोल द्या. मागतोय ते एवढंच. मेस्सीचा आणि दुसरा गेला, ते मी सोडतो.

शिट्टीवाला

हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी बोटभर म्हणजे किती, हा वाद तिथून पुन्हा सुरू होईल. मग त्या बोटाचीही रेषा आखावी लागेल.

दोहाकर

मी इथे दोह्यात नर्स आहे, सहा वर्षं झाली. मंगळवारी रात्रपाळी करून दुपारी मुलाला घेऊन मेट्रोनं लुसैलला गेले. मुलाच्या अंगात मेस्सीची जर्सी, आणि आमच्या रांगेत चहूकडे हिरवे झेंडे. सौदीहून माणसं रस्त्यानं सीमा ओलांडून आली होती, बायका, म्हातारी, पोरंसोरं सगळी. टीव्हीवर मशीनचे पुतळे दिसले असतील. तिथे मला दिसलं ते वेगळं. लाइनमनच्या प्रत्येक झेंड्याला ते लोक गोल झाल्यासारखे ओरडत होते. आपल्या बचावफळीचं काम त्यांना कळत होतं.

मॅच संपत आली तेव्हा यासर अल-शहरानीच्या चेहऱ्यावर त्याच्याच गोलकीपरचा गुडघा बसला. मी उभीच राहिले. तो पडला तसा हललाच नाही, आणि त्या ऐंशी हजारांच्या आवाजात आमचा कोपरा गप्प झाला. स्ट्रेचरवरून नेताना त्यानं अंगठा वर केला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. नंतर रियाधला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. ज्यांनी त्याला असं कोसळताना पाहिलं, त्यांना कुणी "मशीननं जिंकवलं" म्हटलं की वाईट वाटतं.

बाहेर सगळीकडे एकच आरोळी, "मेस्सी वेन?" म्हणजे मेस्सी कुठाय? माझा मुलगा रडवेला झाला होता. शेजारच्या एका सौदी आजोबांनी त्याच्या हातात खजूर ठेवला आणि पाठ थोपटली. सौदीच्या राजानं तर दुसऱ्या दिवसाची सुट्टीच जाहीर केली.

जुना_प्रेक्षक

सगळ्यांचं वाचलं. माझा आक्षेप मशीनवर नाही, पहिल्या मॅचवरून एवढे मोठे निष्कर्ष काढण्यावर आहे.

1990 मध्ये पहिल्याच मॅचला कॅमेरूननं मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला 1-0 हरवलं, तेही शेवटी नऊच खेळाडू मैदानात उरलेले असताना. तीच अर्जेंटिना फायनलला पोचली. 2010 मध्ये स्पेन पहिली मॅच स्वित्झर्लंडकडून हरला आणि कप घेऊन घरी गेला. उलटंही घडतं: 2002 मध्ये सेनेगलकडून हरलेला फ्रान्स एकही गोल न करता परतला, आणि 2018 मध्ये मेक्सिकोकडून हरलेली जर्मनी गटात तळाला राहिली. तेव्हा पहिल्या निकालावरून पुढचं काही कळत नाही.

यंदा तर स्पर्धा नोव्हेंबरमध्ये. युरोपातल्या लीग 13 तारखेपर्यंत चालू होत्या, मोठ्या संघांना एकत्र सरावाला जेमतेम आठवडा मिळाला. सौदीचे सगळेच्या सगळे खेळाडू त्यांच्याच देशातल्या लीगचे, बरेचसे तर एकाच अल-हिलाल क्लबचे. ते चौघं एकत्र पुढे सरकले याचं नवल नाही, त्यातले तिघं रोजच एकत्र खेळतात. यावरून "मोठ्या देशांचे दिवस संपले" म्हणणं घाईचं आहे. त्याच आठवड्यात इंग्लंडनं इराणला 6-2 आणि स्पेननं कोस्टा रिकाला 7-0 हरवलं, ते का विसरायचं?

मधली_फळी

दिवस संपले असं मी म्हटलेलं नाही. नावावर मॅच मिळणार नाही, एवढंच म्हटलं. आणि रोज एकत्र खेळल्यामुळे जमलं असेल, तर ते कमावलेलंच झालं ना?

जपानची मॅच बघा. जर्मनीनं 26 फटके मारले. हाफटाइमला जपानचे प्रशिक्षक मोरियासू यांनी मागे तिघांची फळी केली, मग एकेक फॉरवर्ड आत आणत गेले. यंदा पाच बदली खेळाडू चालतात, ते त्यांनी पुरेपूर वापरले. दोन्ही गोल बदली खेळाडूंचे, दोआन आणि असानो, आणि दोघंही जर्मनीतल्याच क्लबांत खेळणारे. असानोच्या गोलाला लांबून फ्रीकिक आली तेव्हा जर्मनीचे बाकीचे बॅक पुढे होते, एकटा झ्युले मागे राहिला. त्याच्यामुळे असानो ऑनसाइड. एक माणूस एक पाऊल चुकला आणि मॅच गेली. सौदीचे चौघं शेवटपर्यंत चुकले नाहीत, म्हणून जिंकले.

पेठेतला_दहा_नंबर (27 नोव्हेंबर)

काल रात्री अख्खी गल्ली जागी होती. 64वं मिनिट, बॉक्सच्या बाहेरनं मेस्सीचा जमिनीलगतचा फटका, त्यांचा कीपर ओचोआच्या हाताखालनं कोपऱ्यात! मग पोरगेल्या एन्झोचा दुसरा. मेक्सिको 0, अर्जेंटिना 2. ब्राझीलवालीसुद्धा आमच्या टोकाला आली. एकबी ऑफसाइडचा वाद न्हाई.

जुना_प्रेक्षक

आणि सौदी पोलंडकडून 0-2 हरली, दवसारीची पेनल्टी त्यांचा गोलकीपर श्चेन्स्नीनं अडवली. आज जपान हरला, तोही स्पेनकडून सात गोल खाल्लेल्या कोस्टा रिकाकडून, 0-1. मधली_फळी, आता काय म्हणता?

मधली_फळी

जपानचं वाईट वाटलं. तुमचा मुद्दा अर्धा मान्य: पहिल्या मॅचवरून पुढची सांगता येत नाही. पण झालेली मॅच कशी जिंकली, ते त्या मॅचवरूनच कळतं, आणि मंगळवारची मॅच सौदीनंच जिंकली होती. कालही पोलंडविरुद्ध 0-1 मागे असताना ते पुढे होऊनच खेळत होते, माघार नव्हतीच.

आज रात्री साडेबाराला स्पेन आणि जर्मनी. माझी नजर झ्युलेवर असेल.

दोहाकर

मुलानं जर्सी धुऊन वाळत घातली आहे. बुधवारी पोलंडविरुद्ध हवी म्हणतोय.