मदत हवी आहे: पोकरमध्ये सगळेच लिंप करतात (न वाढवता किमान रक्कमच भरून खेळात येतात) अशा टेबलावर रेझ (रक्कम वाढवणं) किती करावा?

पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर नो-लिमिट होल्डेम (बेटला मर्यादा नसलेला पोकर) खेळणाऱ्या जाणकारांना विचारायचंय.

समजा ब्लाइंड (दोघांनी आधीच भरायच्या सक्तीच्या रकमा) 100/200, सगळ्यांचे स्टॅक (समोरच्या चिप्स) 20,000. तिघांनी लिंप केलं, बटनवर (शेवटी खेळायच्या जागेवर) माझ्या हातात एक्का-राणी. नेहमीचा हिशोब म्हणजे चार बिग ब्लाइंड (मोठा ब्लाइंड, इथे 200) आणि दर लिंपरमागे एक, एकूण 1,400. ऑनलाइन एवढ्यावर निम्मे तरी पानं टाकून हात सोडतात. इथे तिन्ही लिंपर येतात, वर बिग ब्लाइंड भरलेलाही. पॉट (मधे जमलेली रक्कम) 7,100, मागे शिल्लक 18,600. मग राणी-आठ-सात, त्यात दोन बदाम असा फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामायिक पत्ते) पडला की चौघांसमोर एका जोडीवर बसायचं.

2,000 केला आणि दोनच लिंपर आले, तर पॉट 6,500 आणि मागे 18,000. पॉटच्या मानाने स्टॅक जवळपास तेवढाच, विरोधक मात्र निम्मे. म्हणून मोठा रेझ बरा वाटतो. पण ब्लाइंडच्या दहापट रेझला मागून 4,500 चा री-रेझ आला तर एक्का-राणी टाकायची का?

दुसरं, टर्नवर (चौथ्या सामायिक पत्त्यावर) अर्ध्या पॉटची बेट लावली तर फ्लशवाल्याला (पाच बदाम जमवू पाहणाऱ्याला) कॉल, म्हणजे तेवढेच भरणं, परवडायला 25 टक्के शक्यता हवी. त्याच्याकडे न दिसलेल्या 46 पैकी 9 उपयोगी पत्ते, म्हणजे साडेएकोणीसच. तरी तो कॉल करतोच. मग थेट पाऊण पॉट लावावा का? रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) तिसरं बदाम आलं तर चेक करून (बेट न लावता) सोडून देणंच योग्य ना?

(तोंडाने 'रेझ' न म्हणता एकच मोठी चिप टाकली तर ती कॉल धरतात, हे माहीत आहे, प्रश्न फक्त आकड्यांचा.)