बाबांची रात्रीची धास्ती: हृदयाची की मनाची? मदत हवी आहे

नमस्कार. बाबा ७१ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅक आला, तेव्हापासून हृदयाचं पंपिंग कमी झालंय, म्हणजे हार्ट फेल्युअर. शेवटच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर फेकतं ते प्रमाण, ३० टक्के आलं. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहितो.

प्रश्न त्यांच्या भीतीचा आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. भर पावसात, धुक्यात खंबाटकी घाट उतरवलेला माणूस. आता बाथरूमची कडी लावत नाहीत. आई भाजीला गेली की सारखे दाराकडे बघतात. रात्री तीन उशा घेऊन झोपतात, अडीचच्या सुमाराला दचकून उठतात, पाय खाली सोडून बसतात आणि मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत राहतात. परवा म्हणाले, "अगं, झालं काहीच नाहीये, पण काहीतरी होणार असं वाटतंय."

नातेवाईक म्हणतात, मनाचे खेळ आहेत, खंबीर व्हायला सांगा. मला ते अजिबात पटत नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं की हृदय कमी रक्त फेकतं, त्यामुळे शरीराला रक्त कमी पडल्यासारखं वाटतं. मग धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टिम सतत जोरात चालते, नॉरअ‍ॅड्रेनलिन हे ठोके वाढवणारं रसायन वाढलेलं राहतं आणि ठोके शांत करणारी व्हेगस नर्व्ह मागे पडते. म्हणजे साप दिसल्यावर आपल्या अंगात जे होतं, ते बाबांच्या अंगात साप नसतानाही चालू असतं. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका प्रयोगाबद्दलही वाचलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रकाशाच्या साहाय्याने उंदरांच्या हृदयाचे ठोके वाढवले, तर ते मोकळ्या, धोक्याच्या जागी जायला कचरू लागले. मेंदूतल्या इन्सुला या भागाचं काम दाबल्यावर ती भीती कमी झाली. ते उंदीर निरोगी होते, हार्ट फेल्युअरचे नव्हते, हे कळतं. तरी वाचताना बाबांची मनगटावरची बोटं डोळ्यांपुढे आली.

अडीच वाजता लागणारा दम पाणी साचल्याचा की घबराटीचा, हे घरी कसं ओळखता? आणि चिंतेसाठी कोणाला गोळी दिली का?

प्रतिसाद: ताई, सासूबाईंचं सहा वर्षं केलंय म्हणून सांगते. आडवं झाल्यावर वाढणारा आणि बसल्यावर उतरणारा दम, पायांवर सूज, दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वजन वाढणं, यातलं काही दिसलं तर घबराट समजून थांबू नका, डॉक्टरांना कळवा. आम्ही घबराट समजून दोन रात्री घालवल्या होत्या. बसूनही दम उतरत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८.

गोळीचं म्हणाल तर हार्ट फेल्युअर आणि नैराश्य असलेल्यांवर सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम या नैराश्य-चिंतेवरच्या दोन्ही गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्यात. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. काही गोळ्या ठोक्यांची लयही बिघडवतात, तेव्हा कार्डिऑलॉजिस्टना विचारल्याशिवाय काही नको. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके संथ करणारी गोळी, मनाने बंद करू नका. सासूबाईंना समुपदेशनाचा उपयोग झाला, आणि डॉक्टरांनी आखून दिलेल्या चालण्याचा त्याहून जास्त. व्हरांड्यात आधी दहा पावलं, मग वीस.

धागाकर्ती: तुमचं वाचून कॅलेंडर बघितलं. शनिवारी ६१.२, आज मंगळवारी ६३. रोज लिहीत होतो, मागचे आकडे कोणी वाचतच नव्हतं. डॉक्टरांना आत्ताच फोन लावते.