स्वमग्न मुलगा रात्री दोनला उठतो आणि पहाटेपर्यंत जागा राहतो

प्रश्न
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे (त्याला ऑटिझम आहे) आणि मोजकेच शब्द बोलतो. रात्री नऊला अंथरुणावर घेतले तरी अकरापर्यंत तो भिंतीला टाचा घासत, एकच सूर गुणगुणत पडून राहतो. पुढे दोन-अडीचला उठला की उजाडेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालतो. मी आणि त्याचे वडील आळीपाळीने जागतो. दुपारची झोप बंद केली, संध्याकाळनंतर मोबाइल देत नाही, तरी फरक पडलेला नाही. मेलाटोनिन (झोपेच्या संप्रेरकाचे औषध) द्यावे असे एकांनी सुचवले, पण मनात भीती आहे. वजनदार पांघरूण घ्यावे का, हाही प्रश्न आहे. अनुभवी पालकांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १
ताई, आमच्या मुलीचे जागरण आम्ही दोन वर्षे स्वमग्नतेचाच भाग समजून सोसले. अखेर डॉक्टरांनी पोट तपासले तेव्हा जुनी बद्धकोष्ठता निघाली आणि त्यावर उपचार झाल्यावर तिचे मध्यरात्रीचे उठणे बरेच कमी झाले. ज्या मुलाला दुखणे सांगता येत नाही ते नुसते जागे राहते, याची खंत मला आजही वाटते. म्हणून औषधाचा विचार करण्याआधी आम्लपित्त, दातदुखी, घोरणे आणि झोपेत येणारे झटके यांबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला. टाचा घासण्याचा उल्लेख तर आवर्जून करा. पायांतील अस्वस्थतेमागे शरीरातील लोहाची कमतरता असू शकते आणि हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन कमी भरू शकते.

प्रतिसाद २
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजच्या कृती जमाव्यात यासाठी मुलांवर उपचार करते. वरील तपासण्या होतील तोवर दोन आठवडे झोपेची नोंद ठेवा: दिवा कधी मालवला, डोळा कधी लागला, जाग कधी आली, त्या वेळी तुम्ही काय केले. मूल अकराला झोपत असेल तर नऊपासूनचे दोन तास त्याच्यासाठी 'अंथरूण म्हणजे जागे पडून राहणे' असाच धडा ठरतात. त्यामुळे काही दिवस त्याला अकराच्या सुमारासच झोपायला न्या, सकाळी मात्र ठरल्या वेळी उठवा, आणि तो पटकन झोपू लागला की दर दोन-तीन दिवसांनी ती वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. हे ऐकायला उलटे वाटते, पण नेटाने केले तर उपयोग होतो. दात घासणे, कपडे बदलणे, दिवा मंद करणे असा क्रम चित्रांच्या पट्टीवर रोज तोच ठेवा. रात्री उठल्यावर न बोलता, दिवा न लावता त्याला जागेवर परत न्या.

वजनदार पांघरुणाची चाचणी 2014 साली 67 स्वमग्न मुलांवर झाली होती. मुलांना आणि पालकांना ते आवडले, पण झोप काही वाढली नाही. घ्यायचेच असेल तर मुलाला ते स्वतः बाजूला सारता आले पाहिजे.

प्रतिसाद ३
मेलाटोनिनची भीती आम्हालाही होती. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार आधी शारीरिक कारणे शोधावीत, मग सवयींवर काम करावे, आणि ते अपुरे पडल्यास झोपेच्या तीस ते साठ मिनिटे आधी 1 ते 3 मिलिग्रॅमपासून मेलाटोनिन सुरू करावे. आमच्या मुलाचा डोळा त्याने लवकर लागू लागला, पण मध्यरात्रीची जाग तशीच राहिली, म्हणून तेवढ्यावर सगळी भिस्त ठेवू नका. दुकानातून परस्पर आणू नका. काही उत्पादनांत वेष्टनावर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी कमी किंवा जास्त मात्रा आढळली आहे. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे मनापासून आभार. टाचांबद्दल वाचले आणि काल रात्री त्याच्या पोटऱ्या हलक्या हाताने दाबून पाहिल्या. तो गुणगुणायचा थांबला आणि माझा हात त्याने तिथेच धरून ठेवला. परवाची डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, नोंदवही आजपासून सुरू केली आहे.