किशोरवयीन वाचकांसाठी कादंबऱ्या निवडताना कोणता पुरस्कार प्रमाण मानावा?

प्रश्न : मराठी शिक्षिका, खानापूर तालुका
आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी कादंबऱ्यांचे वेगळे कपाट करावयाचे आहे. पुरस्कारांच्या याद्या पाहून काही पुस्तके मागवली; परंतु ‘बालसाहित्य’ म्हणून आलेली पुस्तके नववीच्या मुली दोन पाने चाळून परत ठेवतात, तर युवा पुरस्काराच्या यादीतील काही पुस्तके त्यांच्या हाती द्यावीत का, असा मलाच प्रश्न पडतो. नेमक्या याच वयासाठी एखादा पुरस्कार आहे का?

उत्तर १ : निवृत्त ग्रंथपाल, बेळगाव
बाई, साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार (२०११ पासून) पस्तिशीच्या आतील लेखकांना मिळतो; वाचकाच्या वयाशी त्याचा काहीही संबंध नसल्याने ती यादी या कामी बाजूला ठेवावी. अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार २०१० पासून २४ भाषांत दिला जातो, ५०,००० रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप आहे. तो ९ ते १६ वर्षे वयाच्या वाचकांसाठी असला, तरी कविता, कथा, कादंबरी या सर्वांतून प्रत्येक भाषेत वर्षाला एकच निवड होते आणि मोठ्या मुलांची कादंबरी मागे पडते. २०२४ मध्ये मराठीसाठी भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीची निवड झाली, म्हणून तेथून सुरुवात करता येईल. अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेचा प्रिंट्झ पुरस्कार २००० पासून केवळ १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना मिळतो आणि विजेत्यासोबत आणखी चार पुस्तकांपर्यंत गौरव करता येतो. ग्रंथपालाला खरा उपयोग अशा छोट्या यादीचाच होतो, आणि मराठीत तिची उणीव मला फार जाणवते.

उत्तर २ : वाचक, निपाणी
ग्रंथपाल सरांशी मी सहमत आहे. आपली मुले शाळेत कन्नडही शिकतात, तेव्हा बाल साहित्य पुरस्कार मिळालेली कन्नड पुस्तकेही त्याच कपाटात ठेवावीत. शिवाय कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे गावकरी मराठी साहित्य संमेलने भरवतात. तेथे किशोर कादंबरीसाठी एक पुरस्कार ठेवून परीक्षक म्हणून नववी-दहावीचे विद्यार्थी नेमावेत, असे मला मनापासून वाटते. रक्कम अल्प असली तरी चालेल, मात्र मुलांनी लिहिलेले अभिप्राय छापले गेले पाहिजेत.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
दोघांचेही आभार. कन्नड पुस्तकांची सूचना लगेच अमलात आणते. संमेलनाच्या आयोजकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मुलींकडूनच लिहून घेईन.